मगदूम वकील आणि घरची माणसं

होळी झाली की आमच्याकडं मिरचीची पोती उतरायला लागतात. वाळल्या मिरचीचा पहिला भपका नाकात शिरला, की मला हटकून मगदूम वकिलांची शिंक आठवते. शिंक कसली, तोफच ती. एक झाली की दुसरी, दुसरीच्या पाठीवर तिसरी, आणि मधल्या मधल्या फटीत "अव्वा गं, अव्वा" असा आईचा धावा. देठं खुडत बसलेल्या बायका हात थांबवून खिदळायच्या. "गडहिंग्लजचा माणूस आणि मिरचीला शिंकतोय, काय म्हणायचं ह्याला!" असं म्हणत गंगूमावशी भट्टीपुढनं उठायची आणि गुळाचा खडा घेऊन त्यांच्यापुढं उभी राहायची. गडहिंग्लज म्हणजे मिरचीची पेठ. तिथला माणूस मिरचीला भ्यायला म्हणजे पैलवान मातीला भ्यायल्यासारखंच झालं. पण मगदूम वकील भ्यायचे, आणि तरी यायचे.

वकील आपलं म्हणायचं म्हणून. काळ्या कोटातलं त्यांना कुणी कधी पाहिलं नाही. टॅक्सचं काम करतो तो वकील, असं आमच्या भागात धरूनच चालतात. बुटका, जाडसर माणूस. पांढरा हाफ शर्ट, खिशाला हिरव्या शाईचं पेन आणि मिरची झोंबली की डोळ्यांवर धरायला गळ्यात ओला टॉवेल. कोल्हापुरातल्या आमच्या फुलेवाडीच्या चढाला त्यांची स्कूटर आधी ओरडायची आणि मग दिसायची. आवाजही स्कूटरसारखाच. आमच्या दारात उभे राहून ते सासूबाईंना "अव्वा, हाईसा का?" म्हणाले, की पलीकडच्या गल्लीतले लोक "हाय, हाय" म्हणून उत्तर द्यायचे.

आमचा कांदा-लसूण चटणीचा कारखाना. कारखाना म्हणताना मला अजून हसू येतं. पत्र्याची शेड, मिरची कुटायचे दोन डंक, मसाला भाजायची एक भट्टी आणि आठ-नऊ बायका. सासूबाईंनी तो एका खलबत्त्यावर सुरू केला होता. मी मुरगूडची, बी.कॉम. झालेली, म्हणून लग्न होऊन आल्या आल्या हिशेब माझ्या गळ्यात पडले. आमचे हे शाळेत मास्तर, त्यांचा चटणीशी संबंध ताटापुरता. सासूबाई सकाळी सहाला शेडमध्ये जायच्या आणि कमरेची किल्ली दिवेलागणीला काढून उशाखाली ठेवायच्या. त्या किल्लीला हात लावायची माझी काय बिशाद होती!

मगदूम वकिलांची एक खोड होती. कागद आधी बघायचे नाहीत. पहिल्यांदा शेडभर हिंडायचे, शिंकायचे, प्रत्येक बाईला नावानं विचारायचे. "काय सुमनबाई, गुडघं काय म्हणत्यात?" "रेश्मा, पोरगीचा ताप उतरला का न्हाय?" मग हातपाय धुऊन, बायकांना चहा मिळालाय का हे बघून, तेव्हा कुठं माझ्यासमोर बसायचे. मी एकदा म्हटलं, "वकीलसाहेब, रिटर्न भरायला सुमनबाईंचे गुडघे कशाला लागतात?" तर म्हणाले, "अक्का, तुमचा नफा त्याच गुडघ्यांवर बसलाय की."

दुसरी खोड बिलाची. जाताना ते अर्धा किलो चटणी न्यायचे आणि तिचं बिल मागायचे. सासूबाई खवळायच्या. "अर्ध्या किलूचं काय बिल मागता वो? न्या की तशीच!" हे हात जोडायचे. "तशी दिलेली वस्तू मला हिशेबात धरता येत न्हाय, अव्वा. विकलीसा तर विक्री, घेतली तर खरेदी. तशी म्हंजे काय?" शेवटी मी बिल फाडायची, ते पैसे मोजून द्यायचे आणि बिलाची घडी शर्टाच्या खिशात घालायचे. जगातली प्रत्येक गोष्ट कुठल्या तरी रकान्यात बसलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. मधेच लटकलेलं काही दिसलं की त्यांना चैन पडायचं नाही.

विम्याचं त्यांच्या डोक्यात कधी शिरलं कुणास ठाऊक. पण एका वर्षी ज्याच्या त्याच्या मागं लागले, "कामगारांचा आरोग्य विमा काढा." मोठ्या कारखान्यांना सरकारी दवाखान्याची योजना असते, आमच्यासारख्या मूठभर माणसांच्या धंद्याला ती लागत नाही. आमच्याशेजारी लेथवाले हणमंतराव होते. दिलदार माणूस, बोलायला ढोल. ते आमच्या अंगणात चहा पीत होते, तेवढ्यात वकिलांनी त्यांना गाठलं.

हणमंतराव म्हणाले, "मला इमा कशाला? माझा माणूस आजारी पडला की मी स्वतः जातो. खिशात हात घालतो, मोजत बी न्हाय!"

"शेवटचं कवा गेलतासा?"

"गेल्या दिवाळीत. अपेंडिक्स. सगळं बिल मी दिलं."

"पावती धंद्याच्या नावावर घेतलासा?"

"पावती? उपकाराची पावती घेतो व्हय कुणी?"

"मग तुमाला पुण्य लागलं," वकील म्हणाले, "पुण्याला टॅक्समधी वजावट न्हाय."

हणमंतरावांनी कप खाली ठेवला. मग वकिलांनी इस्कटून सांगितलं. कामगारांच्या विम्याचा हप्ता धंद्यानं भरला की तो धंद्याचा खर्च. तो नफ्यातनं वजा होतो, तेवढ्या रकमेवरचा टॅक्स वाचतो. कामगाराच्या डोक्यावरही त्याचा कर बसत नाही. "आणि उद्या तुमची दोन माणसं एकदम आडवी झाली, तर? खिसं दोन हाईत मान्य, पण नोटा त्याच की!"

हणमंतराव पुढच्या आठवड्यात चेकबुक घेऊन वकिलांच्या घरी गेले. मला आश्चर्य वाटलं. वकिलांना विचारलं, तर डोळे मिचकावून म्हणाले, "अक्का, कोल्हापूरच्या मालकाला माणुसकी म्हणलं की तो छाती पुढं काढतो. टॅक्स वाचतोय म्हणलं की पाकीट काढतो. छाती काय करायची हाय आपल्याला?"

आमच्या घरात मात्र पाकिटापाशीच घोडं अडलं. सासूबाईंना विमा पटला, पण त्यांनी डब्यातनं नोटा आणून वकिलांपुढं ठेवल्या. वकील म्हणाले, "रोख न्हाय चालत. रोखीनं हप्ता भरलासा तर विमा लागंल, वजावट जाईल. चेक फाडा."

"चेक म्हंजे 'देतो' म्हणणं. नोट म्हंजे देणं. माझ्या खऱ्या पैशाला खोटं म्हणतासा?"

"खोटं न्हाय, अव्वा. पण सरकारला तुमची नोट दिसत न्हाय, चेक दिसतो."

"सरकारला दाखवायला सरकार काय माझा जावई हाय?"

वकील एवढे हसले की हसता हसता शिंकायला लागले. पण चेकवर सही घेऊनच उठले. सासूबाईंनी ती सही इतक्या बेतानं केली, की गंगूमावशी श्वास धरून बघत होती. मग दोघींनी मिळून शाई वाळेपर्यंत चेकला पदरानं वारा घातला.

आता गंगूमावशीचं सांगायला पाहिजे, कारण खरी गोष्ट तिथंच आहे.

सासूबाईंनी पहिला खलबत्ता मांडला तेव्हा दुसरा बत्ता गंगूमावशीच्या हातात होता. नवरा सोडून गेलेला, पोटी मूल नाही. राहायला आमच्याच मागच्या खोलीत, जेवायला आमच्याच पंगतीला. भट्टी तिची. खोबरं किती भाजायचं, तीळ कधी उतरायचे, ते फक्त तिच्या नाकाला कळायचं. पगार तिला असा नव्हताच. लागतील तसे पैसे सासूबाई तिच्या हातात ठेवायच्या, दिवाळीला दोघींना एकाच ठाणाची लुगडी यायची. माझ्या मुलांची न्हाणी-धुणी तिनंच केली. तिला कुणी कामवाली म्हटलं असतं, तर सासूबाईंनी त्याचं थोबाड रंगवलं असतं.

विम्यासाठी नावं द्यायची होती. सासूबाईंनी सुमनबाईपासनं रेश्मापर्यंत सगळी सांगितली. वकिलांनी हिरवं पेन थांबवलं.

"आणि गंगूबाई?"

"ती कुठं कामाला हाय? ती घरची."

"घरची म्हंजे नात्यानं?"

"नात्यापरास जवळची."

वकिलांचा चेहरा उतरला. म्हणाले, "अव्वा, हजेरीत नाव न्हाय म्हणजे ती कामगार न्हाय. तिला ह्या विम्यात घेता येत न्हाय. आणि रक्ताचं, लग्नाचं नातं न्हाय म्हणजे घरच्या विम्यात बी न्हाय. मग ती हाय कोण?"

"सांगितलं की, घरची!"

"मग तिला हजेरीवर घ्या. पगार लावा."

सासूबाई उठूनच उभ्या राहिल्या. "गंगीला पगारी बाई म्हणू? जीभ झडंल माझी!" आणि भट्टीपुढनं गंगूमावशी डोळ्याला पदर लावून सासूबाईंना म्हणाली, "काकी, मला घरातनं काढायलासा व्हय? सांगा तसं. मी जातो." त्या दिवशी आमच्याकडं सुतक असल्यासारखं जेवण झालं.

विमा बाकीच्या बायकांचा झाला. गंगूमावशी राहिली.

वर्षभर वकील आले की गूळ घ्यायचे आणि तिच्याकडं टक लावून बघायचे. मलाही दिसत होतं. भट्टीपासनं त्यांच्यापर्यंत चार पावलं यायची, तरी तिला धाप लागायची. "मावशी, डॉक्टरकडं जाऊ या" म्हटलं की म्हणायची, "मिरचीचा खाट छातीत बसतोय गं." एकदा तिचा श्वास असा अडकला की गुळाचा खडा हातातनं खाली पडला. वकिलांनी तो उचलला, फुंकून तोंडात टाकला आणि सासूबाईंकडं वळले. त्यांना रागावलेलं मी त्या एकाच दिवशी बघितलं.

"अव्वा, माझा बाप तीस वर्सं एका गुळाच्या अडतीवर होता. घरचा माणूस! मालकाच्या पोरांच्या लग्नात माझा बाप पुढं. मालक त्याला सोडून जेवत नव्हता. बाप अंथरुणाला खिळला तवा मालक आला, उशाला बसला, हमसून हमसून रडला. खरं रडला, खोटं न्हाय म्हणत मी! आणि केळी ठेवून गेला. नोकर म्हणून माझ्या बापाचं नाव कुठं न्हाय, घरचा म्हणून वाटणी न्हाय. माया होती की भरपूर. मायेनं औषध मिळत न्हाय, अव्वा."

वकील चटणी न घेताच गेले. माझ्या आठवणीत असं तेवढं एकदाच झालं.

विम्याचं नूतनीकरण आलं तेव्हा ते पुन्हा आले. या वेळी टॉवेल चांगला भिजवून, तोंडाला गुंडाळूनच. शेडमध्ये गेले नाहीत. सासूबाईंसमोर बसून हळू आवाजात बोलले, हे पण पहिल्यांदाच.

"अव्वा, एक वाट हाय. मालकाचा सोताचा विमा धंद्याच्या खर्चात बसत न्हाय, कामगाराचा बसतो. धंदा सुनेच्या नावावर करा. मग तुम्ही कोण?"

"कोण?"

"तुम्ही कामगार. मिरची निवडता, चव बघता, काम तर करताच की. तुम्ही बी हजेरीवर, गंगूबाई बी हजेरीवर. तिला घरातनं काढायचं न्हाय. तुम्ही तिच्या शेजारी जाऊन बसायचं."

मी म्हटलं, "वकीलसाहेब, नुसतं कागदावर ना?"

"मी कागदावर एक आणि खरं एक असं करत न्हाय," ते ताडकन म्हणाले. "मालक म्हणजे मालक. सही अक्काची, बँक अक्काची, किल्ली अक्काची."

सासूबाईंचं पुढ्यातली मिरची घ्यायची, देठ मोडायचा, सुपात टाकायची, एवढंच चाललं होतं. ज्या बाईनं खलबत्त्यापासनं सगळं उभं केलं, तिला हा माणूस म्हणतोय, सुनेकडं नोकरी धर! माझी मान वर होईना. भट्टीकडनं गंगूमावशीच्या खोकल्याचा आवाज आला. सासूबाईंनी तिकडं बघितलं, कमरेची किल्ली काढली आणि माझ्या मांडीवर टाकली.

"घे गं. आणि वकील, लिवा नाव. माझं न्हाय, आधी तिचं लिवा. पगार दोघींना सारखा. मला एक रुपाया जादा दिलासा तर बघा!"

मग उठून भट्टीकडं गेल्या आणि ओरडल्या, "गंगे, आजपास्नं मी बी नोकर. सूनबाईला मालकीण म्हण, न्हाय तर पगार कापंल ती!" गंगूमावशीला आधी काही कळेना. कळल्यावर ती एवढी हसली की सासूबाईंनी तिची पाठ चोळली. मी मात्र किल्ली मुठीत धरून रडत बसले. वकील म्हणाले, "अक्का, चेकबुक तुमच्या नावाचं लागंल आता," आणि कागद भरायला लागले.

सून मालकीण आणि सासू नोकर, म्हणून गल्लीनं आमची यथेच्छ टिंगल केली. सासूबाईच सर्वांत पुढं. "रजा देता का, मालकीणबाई?" असं पाहुण्यांसमोर विचारायच्या. विमा कंपनीच्या वयाच्या अटीत दोघी जेमतेम बसल्या, पण बसल्या.

पुढच्याच उन्हाळ्यात गंगूमावशी भट्टीपुढं कोसळली. हृदयाच्या नळ्या तुंबल्या होत्या. दवाखान्यात विम्याच्या खिडकीवर एका मुलीनं विचारलं, "पेशंट तुमच्या कोण?" मी तोंड उघडायच्या आत सासूबाई पुढं झाल्या. गंगूमावशीला 'कामाला' हा जो शब्द त्यांनी कधी लावू दिला नव्हता, तो त्यांनी सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असा काढला. "एकाच ठिकाणी कामाला हाय आमी दोघी!" मुलीनं कार्ड बघितलं, मान हलवली आणि शिक्का मारला. ऑपरेशन झालं. गंगूमावशी वाचली. मगदूम वकील भेटायला आले ते केळी घेऊन नाही आले. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी आधी सगळी बिलं तपासली, मग आत जाऊन म्हणाले, "गंगूबाई, गुळाबिगर माझे लई हाल हाईत. लवकर या."

त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी काम थांबवलं. डोळे साथ देईनात. मुलगी गडहिंग्लजला होती, तिच्याकडं राहायला निघाले. जायच्या आदल्या रविवारी निरोप घ्यायला आले. स्कूटर विकली होती, रिक्षानं आले. पण दारातनं "अव्वा, हाईसा का?" तसंच. गल्लीनं "हाय, हाय" म्हटलं, ते पण तसंच.

रविवारची सुट्टी. शेड झाडून धुऊन ठेवलेली, कालपासनं मिरचीला कुणी हात लावला नव्हता. तरी ते सवयीनं आत जाऊन एक चक्कर मारून आले. भिंतीला हजेरीचा तक्ता होता, त्याला नाक लावून वरची दोन नावं वाचली. गंगूमावशी आता भट्टीपुढं बसत नाही, नुसती नाकानं हुकूम सोडते. ती गूळ घेऊन आली. त्यांनी शिंक नसताना तो खाल्ला.

निघताना सासूबाईंनी त्यांच्या हातात चटणीची बरणी दिली. अर्ध्या किलोची नव्हे, दोन किलोची. वकिलांनी खिशाकडं हात नेला. "अक्का, बिल?"

मी बिलबुक घ्यायला वळले, तर सासूबाईंनी माझा हात धरला.

"बिल न्हाय," त्या म्हणाल्या. "घरच्या माणसाकडनं पैसं घेत न्हाय आमी."

मला वाटलं, आता हे भांडणार. त्या एका शब्दाशी हा माणूस जन्मभर भांडला होता. त्यांनी एकदा बरणीकडं, एकदा सासूबाईंकडं बघितलं.

"मग ही कुठं धरायची, अव्वा?"

"कुठं बी धरू नका. भाकरीबर खावा."

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मगदूम वकील बरणी छातीशी घेऊन रिक्षात बसले, गळ्यातला टॉवेल त्यांनी डोळ्यांवर धरला आणि वळणापर्यंत काही तो काढला नाही. गंगूमावशी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बघितलास? आज तर डंक बंद हाय."